पायाचा रक्तपुरवठा आणि मधुमेह: ‘बर्जर व्यायामा’चे डॉ. लिओ बर्जर

मधुमेहामुळे पायांचा रक्तपुरवठा कमी झाला असेल, तर फिजिओथेरपिस्टने तुम्हाला एक सोपा व्यायाम शिकवला असेल. आडवे होऊन पाय वर ठेवायचे, मग पलंगाच्या कडेला बसून ते खाली सोडायचे आणि शेवटी पुन्हा सरळ झोपायचे. हाच ‘बर्जर व्यायाम’. तो सुचवणाऱ्या डॉक्टरांची माहिती वाचलीत, तर हा व्यायाम कशासाठी करायचा आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हे दोन्ही तुमच्या लक्षात येईल.

कापलेल्या पायांचा अभ्यास

लिओ बर्जर यांचा जन्म 1879 मध्ये व्हिएन्ना शहरात झाला. ते अगदी लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत आले. तिथेच शिकून 1901 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि पुढे माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये काम करू लागले.

त्या हॉस्पिटलमध्ये काही तरुण पुरुष पायाच्या असह्य दुखण्याने येत. बोटे काळी पडत, गँगरीन होई आणि शेवटी पाय कापावा लागे. एवढ्या कमी वयात असे का व्हावे, हे कोणाला नीट सांगता येत नव्हते. बर्जर यांनी कापलेल्या 11 पायांच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. सूज आणि रक्ताच्या गुठळ्यांमुळे त्या आतून बंद झालेल्या त्यांना दिसल्या. हा अभ्यास 1908 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या आजाराला पुढे ‘बर्जर डिसीज’ हे नाव मिळाले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. बर्जर डिसीज म्हणजे मधुमेह नव्हे. तो मुख्यतः विडी, सिगारेट, तंबाखूशी जोडलेला आजार आहे. मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चरबी आणि कॅल्शियम साठून त्या अरुंद होतात. कारणे वेगळी असली, तरी पावलापर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही, हा परिणाम दोन्हींत सारखाच. म्हणून एका आजारासाठी सुचवलेला व्यायाम दुसऱ्यासाठीही वापरला जाऊ लागला.

पायाचा रंग काय सांगतो?

पाय कापला गेल्यावर कारण सांगून रुग्णाला काय उपयोग? बर्जर जिवंत पायाकडेही तितक्याच बारकाईने पाहत. रक्तपुरवठा कमी असलेला पाय वर धरला की पांढुरका पडतो आणि खाली सोडला की काही वेळाने लालबुंद होतो. निरोगी पाय सरळ वर धरला तरी गुलाबीच राहतो. तुमचे डॉक्टर आजही तपासताना पाय उचलून धरतात, ती ‘बर्जर टेस्ट’ हीच.

याच निरीक्षणावर त्यांनी 1920 च्या दशकात व्यायाम बसवला. पाय वर गेला की रक्तवाहिन्या रिकाम्या होतात, खाली आला की भरतात. हे पुन्हापुन्हा केल्याने बंद वाहिनीच्या आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून रक्ताला वाट मिळेल, अशी त्यांची कल्पना होती. 1930 च्या सुमारास बॉस्टनचे सर्जन आर्थर ॲलन यांनी त्यात पाय खाली असताना घोटा आणि पाऊल हलवण्याची भर घातली.

बर्जर यांचे सगळेच अंदाज बरोबर ठरले नाहीत. हा आजार एखाद्या जंतूमुळे होत असावा, असे त्यांना वाटे. तंबाखूचा खरा वाटा पुढे इतरांच्या कामातून स्पष्ट झाला. मूत्राशय आतून पाहण्याच्या दुर्बिणीतही त्यांनी मोठी सुधारणा केली. पुढे काही काळ ते लॉस एंजेलिसला होते, मग न्यूयॉर्कला परतले आणि 1943 मध्ये वारले.

तुम्ही हा व्यायाम कसा कराल?

1. आडवे होऊन पाय उशांवर साधारण 45 अंशांत ठेवा. रंग फिका होईपर्यंत, म्हणजे सुमारे 2 ते 3 मिनिटे.
2. पलंगाच्या कडेला बसून पाय खाली सोडा. घोटे वर-खाली आणि आत-बाहेर हलवा, बोटे मिटा-उघडा. रंग परत येईपर्यंत, 2 ते 5 मिनिटे.
3. सरळ झोपून पायांवर पांघरूण घ्या आणि 5 मिनिटे विश्रांती घ्या.

किती वेळा करायचे, हे तुमच्या फिजिओथेरपिस्टला ठरवू द्या. पाय उबेत ठेवायचे म्हणून गरम पाण्याची पिशवी मात्र लावू नका. मधुमेहात पाय बधिर झालेले असू शकतात. चटका बसलेला कळतही नाही आणि त्यातून जखम होते.

किती अपेक्षा ठेवाल?

मधुमेहींवर या व्यायामाचे जे अभ्यास झाले, ते बहुतेक लहान आहेत. त्यांत काही फायदा दिसतो, पण बंद झालेली मोठी रक्तवाहिनी या व्यायामाने उघडत नाही. चालताना पोटरी दुखत असेल, तर चालण्याच्या व्यायामाचा पुरावा अधिक भक्कम आहे. दुखू लागेपर्यंत चाला, थांबा, दुखणे गेले की पुन्हा चाला. असे विश्रांतीसह 30 ते 45 मिनिटे, आठवड्यातून किमान 3 दिवस आणि निदान 3 महिने करावे लागते. सुरू करण्यापूर्वी हृदय आणि पावले तपासून घ्या. ज्यांना चालणे जमत नाही, त्यांना बर्जर व्यायाम घरी करता येतो.

व्यायाम थांबवून डॉक्टरांना कधी भेटाल?

- रात्री झोपेत पाय दुखतो आणि खाली लोंबकळत सोडल्यावरच बरे वाटते
- पायावर जखम आहे, मग ती दुखत नसली तरी
- बोट निळे किंवा काळे पडले आहे
- एक पाय अचानक गार, पांढरा आणि दुखरा झाला आहे; अशा वेळी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा
- पोटरी सुजून गरम झाली आहे

बर्जर यांच्या त्या रुग्णांचे पाय कापल्यानंतर तपासले गेले. तुमचे पाय आज शाबूत आहेत, आणि ते वेळेवर तपासून घेणे तुमच्या हातात आहे. तंबाखू सोडा, साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवा, औषधे चुकवू नका. आणि रोज रात्री दोन्ही पावले, तळव्यांसह, नीट पाहा. वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना पाहायला सांगा.