काविळीचा हिशेब मांडणाऱ्या शीलाबाई

मैत्रिणींनो, शीला हे नाव आपल्या ओळखीचं. पण आजच्या शीलाबाई इंग्लंडच्या. डॉ. शीला शेरलॉक. त्यांच्याबद्दल सोलापुरात बसून लिहावंसं वाटलं, कारण आपल्याकडे डोळे पिवळे झाले की दवाखान्याआधी पाय वळतात ते कावीळ उतरवणाऱ्याकडे. चुन्याच्या पाण्यानं हात धुतले, पाणी पिवळं झालं, की कावीळ उतरली म्हणायचं. खरं तर झाडाच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आला की ठणठणीत माणसाच्या हातांनीही पाणी पिवळं होतं. मग रक्तातली घाण यकृत साफ करतंय की नाही, हे कळायचं कसं? शीलाबाईंनी उभं आयुष्य याच प्रश्नापायी वेचलं.

त्यांचा जन्म ३१ मार्च १९१८ रोजी डब्लिनला झाला. वाढल्या इंग्लंडात. डॉक्टर व्हायचं ठरवलं, पण तेव्हा तिकडच्या बऱ्याच वैद्यकीय कॉलेजांत मुलींना दार बंद. अखेर १९३६ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला प्रवेश मिळाला. १९४१ ला त्या पहिल्या आल्या. एवढं होऊनही बाई म्हणून तिथल्या रुग्णालयात नेमणूक नाकारली गेली. आपल्याकडच्या किती हुशार मुलींची ही गोष्ट आहे, नाही का? शीला रडत बसल्या नाहीत. १९४२ ला लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात डॉ. जॉन मॅकमायकेल यांच्या हाताखाली रुजू झाल्या.

महायुद्ध चालू होतं आणि सैनिकांमध्ये काविळीची साथ होती. यकृताच्या आत काय बिघडतं, ते माणूस गेल्यावरच कळायचं. शीलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारीक सुईनं जिवंत रुग्णाच्या यकृताचा कण काढून तपासायला सुरुवात केली.

पण नुसता कण पाहून यकृत काम किती करतंय, ते कुठे कळतं? त्यासाठी रंगाची तपासणी होती. आपल्या चादरींचं सूत रंगवल्यावर पाण्यात रंग किती उरला, त्यावरून सुतानं किती घेतला ते समजतं ना, अगदी तसंच. वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम रंग शिरेतून द्यायचा. चांगलं यकृत तो रक्तातून उचलून पित्तात टाकतं. ४५ मिनिटांनी रक्त काढलं तर ५ टक्क्यांहूनही कमी उरतो. जास्त उरला, तर यकृत थकलं म्हणायचं.

याच रंगावरून पुढचा हिशेब अमेरिकेत सुरू झाला होता. हाताच्या शिरेतून बारीक नळी थेट यकृताच्या शिरेपर्यंत न्यायची. आत जाणाऱ्या रक्तात रंग किती, बाहेर येणाऱ्यात किती, हे मोजून मिनिटाला यकृतातून किती रक्त वाहतं ते काढायचं. निरोगी माणसात ते साधारण दीड लिटर असतं. शीलाबाई १९४७ मध्ये वर्षभर अमेरिकेत येल विद्यापीठात राहून आल्या आणि १९५० मध्ये सहकाऱ्यांसोबत हा हिशेब पारखून पाहणारा निबंध त्यांनी छापला.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यांचं १९५४ चं काम. यकृत घट्ट, गाठाळ झालं की आतड्यातून येणारं रक्त यकृताला वळसा घालून पुढे निघून जातं. त्यातला अमोनियासारखा विषारी माल साफ न होताच मेंदूपर्यंत पोचतो. मग माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, हात फडफडतात, अक्षर बिघडतं. हे वेड नाही, यकृताचाच आजार आहे आणि त्यावर उपाय करता येतो, हे शीलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं.

१९५१ मध्ये त्यांनी डॉ. जेरेंट जेम्स यांच्याशी लग्न केलं. दोन मुली झाल्या. संसार सांभाळत १९५५ मध्ये यकृताच्या आजारांवरचा मोठा ग्रंथ लिहिला, तो पुढे जगभरच्या डॉक्टरांनी वाचला. १९५९ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात त्या ब्रिटनमधल्या मेडिसिनच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. २००१ मध्ये रॉयल सोसायटीनं त्यांना सदस्यत्व दिलं आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला त्या गेल्या.

रंगाची ती जुनी तपासणी आता होत नाही, कारण काहींना त्या रंगाचा जीवघेणा त्रास व्हायचा. यकृताचं ऑपरेशन करण्याआधी काही मोठ्या रुग्णालयांत दुसरा, हिरवा रंग वापरतात. एरवी बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ यांवरून डॉक्टर अंदाज घेतात. या तपासण्या आपल्या सोलापुरातही होतात.

म्हणून सांगते, बऱ्याच साध्या काविळी आपोआप बऱ्या होतात आणि नाव माळेचं होतं. पण सगळ्याच नाही होत. घरात कुणाला यकृताचा आजार असेल आणि तो माणूस अचानक भ्रमिष्टासारखा वागू लागला, रक्ताची उलटी झाली किंवा शौच काळी झाली, तर करणी, बाहेरचं म्हणत बसू नका. त्याच तासाला दवाखाना गाठा. झोपेची गोळी मनानं देऊ नका, पोट साफ होतंय ना ते पाहा. आणि डाळ-दूध स्वतःहून बंद करू नका. पूर्वी करायला सांगत, आता नाही. ताकद टिकायला ते लागतंच.