रक्ताचे कोडे उकलणारा अबोल संशोधक

रुग्णाच्या नातेवाइकाने रक्तपेढीच्या खिडकीतून चिठ्ठी आत सरकवावी, आतील तंत्रज्ञाने नमुना तपासून जुळणारी पिशवी हाती द्यावी आणि काही वेळात ते रक्त रुग्णाच्या शिरेत जाऊ लागावे, हे दृश्य आता इतके सवयीचे झाले आहे की त्यामागे एखाद्या माणसाचे आयुष्य उभे असेल, असे कुणाच्या मनातही येत नाही. चिठ्ठीवर ए, बी किंवा ओ यांपैकी एखादे अक्षर असते. त्याच्यापुढे धन किंवा ऋण असे चिन्ह असते. ही अक्षरे ज्या शोधातून आली तो आणि ही चिन्हे ज्या शोधातून आली तो, या दोन्ही शोधांमध्ये जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर आहे. आश्चर्याची गोष्ट म्हणजे दोन्हींवर एकाच माणसाचे नाव आहे. तो माणूस म्हणजे कार्ल लँडस्टायनर.

रक्तस्रावाने माणूस मरतो, हे मानवाला अनादिकाळापासून ठाऊक होते. गेलेले रक्त परत भरावे, ही कल्पनाही नवी नव्हती. पॅरिसमध्ये १६६७ साली झाँ बाप्तिस्त देनी या वैद्याने कोकराचे रक्त माणसाच्या शरीरात घातले. पुढे त्याचा एक रुग्ण दगावला, प्रकरण न्यायालयात गेले आणि या उपचारावर बंदी आली. त्यानंतर दीडशे वर्षे हा विषय जवळपास बंदच होता. लंडनच्या जेम्स ब्लंडेल या प्रसूतितज्ज्ञाने १८१८ मध्ये तो पुन्हा उघडला. बाळंतपणानंतर रक्त वाहून डोळ्यांदेखत प्राण सोडणाऱ्या स्त्रिया त्याने पाहिल्या होत्या. माणसाला माणसाचेच रक्त द्यायला हवे, असा आग्रह त्याने धरला. त्याच्या काही रुग्ण वाचल्या, काही दगावल्या. का वाचल्या आणि का दगावल्या, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. ज्या उपचाराने एकाला जीवदान मिळते त्याच उपचाराने दुसऱ्याला थंडी भरून येते, लघवी काळपट होते आणि मृत्यू ओढवतो, त्या उपचारावर डॉक्टरांनी विश्वास तरी कसा ठेवावा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेकांनी रक्त देण्याचा नाद सोडून शिरेत मिठाचे पाणी सोडण्यावर समाधान मानले होते.

या पार्श्वभूमीवर व्हिएन्नाजवळच्या बाडेन येथे १४ जून १८६८ रोजी लँडस्टायनर यांचा जन्म झाला. वडील लिओपोल्ड हे कायद्याचे पदवीधर आणि व्हिएन्नातील नामांकित पत्रकार होते. कार्ल सहा वर्षांचे असतानाच त्यांचे निधन झाले. एकुलत्या एका मुलाला आईने, फॅनी यांनी, वाढवले. या मायलेकांचे नाते विलक्षण घट्ट होते. आई १९०८ मध्ये वारली तेव्हा तिच्या चेहऱ्याचा साचा घेण्यात आला आणि तो मुखवटा लँडस्टायनर यांच्या शयनगृहाच्या भिंतीवर अखेरपर्यंत होता. विवाहही त्यांनी आईच्या पश्चात, १९१६ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी केला. ज्यू घराण्यात जन्मलेल्या लँडस्टायनर यांनी १८९० मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला होता. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात या गोष्टीने त्यांना गाठलेच.

व्हिएन्ना विद्यापीठातून १८९१ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. मात्र रुग्ण तपासत बसण्यात त्यांचे मन रमले नाही. ते सरळ रसायनशास्त्राकडे वळले. वुर्झबर्गला एमिल फिशर, म्युनिकला बाम्बर्गर आणि झुरिकला हान्च अशा मातब्बर रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांत त्यांनी काही वर्षे घालवली. डॉक्टर असूनही रसायनतज्ज्ञाच्या नजरेने रक्ताकडे पाहण्याची सवय त्यांना इथेच लागली. त्यांचे पुढचे सारे काम या सवयीतून आले आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

व्हिएन्नाला परतल्यावर काही काळाने ते आन्टोन वायक्सेलबाउम यांच्या विकृतिशास्त्र संस्थेत रुजू झाले. तेथे दहा वर्षांत त्यांनी ३,६३९ शवविच्छेदने केली. जवळजवळ रोज एक! सकाळी शव आणि उरलेल्या वेळात परीक्षानळ्या, असा हा क्रम होता. या काळातील एका शोधनिबंधात, १९०० साली, त्यांनी एक तळटीप जोडली. एका निरोगी माणसाच्या रक्तातील सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पिवळसर पातळ भाग, दुसऱ्या निरोगी माणसाच्या तांबड्या पेशींत मिसळला तर कधी कधी त्या पेशींच्या गुठळ्या होतात, अशी ती नोंद होती. वैद्यकाच्या इतिहासात एवढी मोलाची तळटीप दुसरी क्वचितच सापडेल.

गुठळ्या इतरांनाही दिसल्या होत्या. पण त्या आजारी माणसांच्या रक्तात पाहिल्यामुळे हे रोगाचेच एक लक्षण असावे, असा समज रूढ होत होता. लँडस्टायनर यांचे वेगळेपण इथे दिसते. त्यांनी रुग्णांना बाजूला ठेवून धडधाकट माणसे निवडली. प्रयोगशाळेतील सहकारी आणि स्वतः ते असे सगळे रांगेत बसले. प्रत्येकाचे रक्त काढले, सीरम वेगळे केले, पेशी वेगळ्या केल्या आणि प्रत्येकाचे सीरम प्रत्येकाच्या पेशींशी मिसळून पाहिले. काही जोड्यांत गुठळ्या झाल्या, काहींत झाल्या नाहीत. स्वतःच्याच सीरममुळे स्वतःच्या पेशींच्या गुठळ्या मात्र कुणाच्याच झाल्या नाहीत. अशा २२ जणांच्या निरीक्षणांचा तक्ता मांडल्यावर त्यातून एक आकृतिबंध स्पष्ट झाला. माणसांचे रक्त तीन प्रकारांत विभागता येते. त्यांना त्यांनी ए, बी आणि सी अशी नावे दिली. हा सी म्हणजेच आजचा ओ, आणि खुद्द लँडस्टायनर यांचे रक्त याच प्रकारातले होते. एबी हा चौथा प्रकार विरळ असल्याने त्यांच्या छोट्या तक्त्यात तो आलाच नाही. त्यांचेच सहकारी डेकास्टेलो आणि स्टुर्ली यांनी १९०२ मध्ये तो शोधला.

हा निबंध व्हिएन्नातील एका वैद्यकीय साप्ताहिकात नोव्हेंबर १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो जेमतेम काही पानांचा होता. रक्त देताना कधी यश आणि कधी मृत्यू का येतो, याचा उलगडा यातून होऊ शकेल, असे त्यांनी अखेरीस जाता जाता नोंदवले. बस्स, एवढेच. ना कुठला गाजावाजा, ना पाठपुरावा. वैद्यकीय जगानेही तो निबंध वाचून बाजूला ठेवला.

ही उपेक्षा अनाकलनीय वाटते, पण तिला कारण होते. रक्त नळीत येताच गोठत असे, त्यामुळे रक्त देणे ही मुळातच दुर्मीळ गोष्ट झाली होती. जे दिलेच जात नाही ते जुळते का, हे कोण पाहणार? न्यूयॉर्कमध्ये १९०८ साली एका नवजात बालिकेचा रक्तस्राव थांबेना, तेव्हा अलेक्सिस कॅरल या शल्यविशारदाने वडिलांच्या मनगटाची धमनी तिच्या पायाच्या शिरेला जोडून तिला वाचवले. गट तपासण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. रक्त जुळले ते केवळ दैवाने. याच शहरात माउंट सिनाई रुग्णालयात रूबेन ओटेनबर्ग हे १९०७ पासून दाता आणि रुग्ण यांचे रक्त आधी जुळवून पाहू लागले होते. पुढे १९१४ आणि १९१५ मध्ये सोडियम सायट्रेट घातल्यास रक्त गोठत नाही, हे सिद्ध झाले आणि मग महायुद्धाने बाकीचे काम केले. आघाडीवर रक्तबंबाळ सैनिकांसाठी साठवलेले रक्त १९१७ मध्ये वापरले गेले. लँडस्टायनर यांचा तक्ता कागदावरून रुग्णाच्या खाटेपर्यंत यायला अशी पंधरा-सोळा वर्षे लागली.

ते स्वतः मात्र तोवर कितीतरी पुढे गेले होते. ज्युलियस डोनाथ यांच्यासह १९०४ मध्ये त्यांनी एका चमत्कारिक विकाराचे गूढ उकलले. या रुग्णांना थंडीत हातपाय गारठल्यावर लाल-काळी लघवी होई. मूत्रमार्गात तर जखम नसे. या दोघांनी रुग्णाचे रक्त नळीत घेऊन आधी बर्फात गार केले, मग अंगाच्या उष्णतेइतके कोमट केले, तर पेशी फुटून त्यांचा रंग बाहेर आला. रुग्णाच्या रक्तातीलच एक प्रतिपिंड थंडीत पेशींना चिकटत होते आणि ऊब मिळताच त्यांचा नाश घडवत होते. शरीर आपल्याच रक्तावर उलटू शकते, याचा हा प्रयोगशाळेत मिळालेला पहिला पुरावा होय. त्या विकाराच्या निदानाची चाचणी आजही डोनाथ-लँडस्टायनर याच नावाने ओळखली जाते. पोलिओ हा विषाणूमुळे होतो, याकडे निर्देश करणारा माकडांवरील प्रयोगही त्यांचाच. तो १९०८ मध्ये एर्विन पॉपर यांच्यासमवेत झाला. एवढे सगळे करूनही व्हिएन्नाने त्यांना १९११ मध्ये दिले ते वेतनाविना प्राध्यापकपद!

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया कोलमडला. व्हिएन्नात अन्नाची आणि इंधनाची चणचण होती, घरात तान्हा मुलगा होता. पन्नाशी ओलांडलेल्या या शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये देश सोडला आणि हॉलंडमधील द हेग येथे एका छोट्या कॅथलिक रुग्णालयात नोकरी धरली. लघवी आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या करणे, हे तिथले काम. त्यातून वेळ काढून त्यांनी संशोधन चालूच ठेवले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे बोलावणे आल्यावरच ही परवड संपली. याच ऑस्ट्रियाने पुढे १९९७ मध्ये एक हजार शिलिंगच्या नोटेवर लँडस्टायनर यांचे चित्र छापले. युरो आल्यावर ती नोटही गेली.

अमेरिकेत ते १९२९ मध्ये नागरिक झाले, पण त्या महानगराशी त्यांचे सूर कधी जुळले नाहीत. ते उत्तम पियानो वाजवत. न्यूयॉर्कमध्ये तेही मागे पडले. गर्दी, गोंगाट आणि प्रसिद्धी या तिन्हींचा त्यांना तिटकारा होता. नोबेल पारितोषिक १९३० मध्ये मिळाले ते रक्तगटांसाठी. खुद्द लँडस्टायनर यांच्या लेखी मात्र प्रतिपिंड नेमका एकच पदार्थ कसा ओळखतो, याविषयीचे त्यांचे रासायनिक संशोधन अधिक महत्त्वाचे होते. लक्षावधी जीव वाचवणारा शोध त्यांना दुय्यम वाटावा, हे नवलच. पण रक्तस्रावावर उपचार शोधायला ते निघालेच नव्हते. माणसामाणसांत रासायनिक फरक असतो का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

युरोपात हिटलरची सावली लांबत असताना, १९३७ साली, अमेरिकेतील नामवंत ज्यू व्यक्तींच्या एका कोशात आपले नाव आल्याबद्दल त्यांनी प्रकाशकाला न्यायालयात खेचले. या उल्लेखाने आपल्या कुटुंबाला, विशेषतः मुलाला, इजा पोचेल, असे त्यांचे म्हणणे होते. दावा फेटाळला गेला आणि जे लपवायचे होते तेच जगजाहीर झाले. त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग वाचताना अस्वस्थ व्हायला होते. मात्र त्या वर्षांतील भीती किती खरी होती, हे नंतर साऱ्या जगाने पाहिले.

निवृत्ती १९३९ मध्ये आली ती कागदोपत्रीच. लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी १९४० मध्ये ऱ्हीसस माकडाच्या तांबड्या पेशी सशांना टोचून तयार झालेले सीरम माणसांच्या रक्तावर तपासले. बहुतेक गोऱ्या माणसांच्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. सुमारे १५ टक्क्यांच्या झाल्या नाहीत. हाच आर-एच घटक. गट जुळूनही काहींना रक्त का बाधते, याचे उत्तर त्यात होते. आई आर-एच ऋण आणि गर्भ धन असेल तर पुढच्या खेपेचे मूल पोटातच का दगावते किंवा जन्मतःच काविळीने का पिवळे पडते, याचेही उत्तर तिथेच होते. या दुसऱ्या प्रश्नाच्या मुळाशी त्यांचे जुने सहकारी फिलिप लेव्हीन हेही त्याच सुमारास पोचले होते. अशा मातांना द्यायचे प्रतिबंधक इंजेक्शन १९६८ मध्ये वापरात आले. ते पाहायला लँडस्टायनर नव्हते.

पत्नीला थायरॉईडचा कर्करोग झाल्याने अखेरच्या काळात ते गाठींच्या अभ्यासाकडे वळले होते. २४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम करतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. आयुष्यभर रक्ताच्या गुठळ्या न्याहाळणाऱ्या या माणसाच्या हृदयाचाच रक्तपुरवठा तुटला होता. दोन दिवसांनी, २६ जूनला, संस्थेच्याच रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. त्यांचा जन्मदिवस, १४ जून, २००४ पासून जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.

त्यांच्या तक्त्यातील एक रिकामी जागा मुंबईत भरली गेली. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात अशा व्यक्तींची नोंद केली, ज्यांचे रक्त वरकरणी ओ गटाचे दिसे, पण ज्यांच्या सीरममुळे ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या होत. ए आणि बी हे दोन्ही घटक एच नावाच्या ज्या पायावर उभे राहतात, तो पायाच या व्यक्तींच्या पेशींवर नसतो. हा बॉम्बे रक्तगट. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो. नुसत्या पेशींच्या तपासणीत तो ओ म्हणूनच निसटतो, सीरमची उलट तपासणी केली तरच पकडला जातो. अशा रुग्णाला त्याच गटाचे रक्त लागते, आणि ते हवे असले की मोजक्या दात्यांच्या याद्या काढून एका शहरातून दुसऱ्या शहरात दूरध्वनी सुरू होतात.