कुटुंबवैद्यांचे आचार्य : सर जेम्स मॅकेंझी

रोग्याच्या घरी जाणाऱ्या डॉक्टरने औषधोपचार करावेत. संशोधन व अध्यापन हे मोठ्या रुग्णालयांतील प्राध्यापकांचे क्षेत्र, अशी समजूत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये दृढ होती. तिला आयुष्यभर कृतीने उत्तर देणारा पुरुष म्हणजे सर जेम्स मॅकेंझी.

त्यांचा जन्म १२ एप्रिल १८५३ रोजी स्कॉटलंडमधील स्कोन येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. लहान वयातच शाळा सोडून त्यांनी औषधविक्रेत्याकडे उमेदवारी केली. पुढे १८७८ मध्ये एडिंबरो विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवून १८७९ मध्ये ते बर्नली या कापड गिरण्यांच्या गावी कुटुंबवैद्य म्हणून रुजू झाले. तेथे हृदयविकार असलेली एक तरुण स्त्री प्रसूतीच्या वेळी त्यांच्या डोळ्यांदेखत दगावली. हा धोका आधी ओळखता आला असता काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. ग्रंथांत उत्तर सापडले नाही, तेव्हा ते आपल्या रुग्णांतच शोधण्याचा त्यांनी निश्चय केला.

मनगटाची नाडी आणि मानेतील शीर यांची स्पंदने एकाच वेळी कागदावर उमटवणारे यंत्र त्यांनी सिद्ध केले. एकाच माणसाला वर्षानुवर्षे पाहण्याची संधी कुटुंबवैद्यालाच लाभते. त्या बळावर नाडीची कोणती अनियमितता घातक व कोणती निरुपद्रवी, हे त्यांनी दाखवून दिले. भीतीपोटी अंथरुणास खिळलेल्या अनेकांना त्यामुळे दिलासा मिळाला. त्यांचा नाडीविषयक ग्रंथ १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९०७ मध्ये ते लंडनला गेले. कीर्ती आली, १९१५ मध्ये सर हा किताब मिळाला. तथापि रुग्णालयातील अध्यापनाची उणीव त्यांना तेथेच प्रकर्षाने जाणवली. विद्यार्थ्यासमोर येई तो बळावलेला रोग. रोगाची पहिली चाहूल ज्याला लागते, त्या कुटुंबवैद्याला शिकवण्याचा अधिकारच नव्हता! म्हणून १९१८ मध्ये भरभराटीचा व्यवसाय सोडून ते सेंट अँड्र्यूज येथे गेले. १९१९ मध्ये त्यांनी तेथे संशोधनसंस्था उभारली. गावातील डॉक्टर एकत्र बसून आपल्या रुग्णांच्या आरंभीच्या लक्षणांची नोंद व चर्चा करू लागले. त्याच वर्षीच्या ग्रंथात विद्यार्थ्यांच्या शिक्षणात कुटुंबवैद्याला स्थान असावे, असे त्यांनी आग्रहाने प्रतिपादिले.

हृदयरोगाच्या या अभ्यासकाला हृदयविकारानेच ग्रासले होते. स्वतःच्या वेदनांचेही त्यांनी निरीक्षण केले. २६ जानेवारी १९२५ रोजी ते निवर्तले. त्यांच्याच इच्छेनुसार मृत्यूनंतर त्यांचे हृदय तपासण्यात आले.

हयातीत त्यांचा विचार वैद्यकीय विद्यालयांत रुजला नाही. मात्र १९६३ मध्ये एडिंबरो विद्यापीठात कुटुंबवैद्यकाचे जगातील पहिले प्राध्यापकपद निर्माण झाले, आणि त्याला नाव मिळाले ते मॅकेंझी यांचे. ज्या विद्यापीठाने त्यांना डॉक्टर केले, तेथेच कुटुंबवैद्य अखेर गुरुपदी आरूढ झाला.