तापट जॉनचे डॉन बॉस्को

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार होते. त्यामुळे आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या पोरांना हातातला दगड म्हणजे काय ते सांगायला नको. दगडाचाच एक प्रसंग संत जॉन बॉस्को यांच्या चरित्रात आहे, म्हणून हे लिहितो आहे.

जॉनचा जन्म १६ ऑगस्ट १८१५चा, इटलीतल्या बेक्की या खेड्यातला. दोन वर्षांचा व्हायच्या आत वडील गेले. आई मार्गारेटनं शेतीवर घर चालवलं. पोरगा अंगानं दणकट, डोक्यानं गरम. किएरीला शिकताना वर्गातल्या टारगट पोरांनी त्याच्या शांत मित्राला, लुई कोमोल्लोला, मारलं. जॉननं काय करावं? एका पोरालाच खांद्याला धरून उचललं आणि त्याचाच सोटा करून बाकीच्यांना झोडपलं! पण ज्याच्यासाठी हे केलं, त्या कोमोल्लोनंच नंतर त्याला सुनावलं, की देवानं ताकद दिली ती सोबत्यांना लोळवायला नव्हे. मला वाटतं, संयमाचा खरा धडा त्याला इथं मिळाला, तोही मित्राकडून.

१८४१ मध्ये तो धर्मगुरू झाला. इटलीत धर्मगुरूला डॉन म्हणतात. सिनेमातला डॉन वेगळा. तुरिनच्या तुरुंगात डॉन बॉस्कोंनी कोवळी पोरं पाहिली. सुटलेली पुन्हा आत यायची, कारण बाहेर त्यांचं कोणी नव्हतं. मग रविवारी मिस्सा, धर्मशिक्षण आणि मनसोक्त खेळ सुरू झाले. १८४६ मध्ये वाल्दोक्कोला एका शेडमध्ये बस्तान बसलं. छडीवर त्यांचा भरवसा नव्हता. फादरनं पोरांतच राहायचं, खेळायचं, आणि चूक व्हायच्या आधी सावरायचं. ही पद्धत त्यांनी १८७७ मध्ये लिहून काढली.

१८५४ मध्ये बारा वर्षांचा डॉमिनिक सॅव्हिओ तिथं आला. संत व्हायच्या ध्यासानं तो अंथरुणात खडे आणि लाकडाचे तुकडे घालून झोपायचा. डॉन बॉस्कोंनी ते बंद करवलं. थंडी-ऊन, कुणाचं टोचून बोलणं सोसायचं, अभ्यास करायचा, हसत राहायचं. एवढी तपस्या त्यांना पुरेशी वाटे.

पुढं दोन विद्यार्थी भांडून दगडांनी लढायला निघाले. डॉमिनिक मध्ये उभा राहिला, गळ्यातला क्रूस वर धरला आणि पहिला दगड मला मारा म्हणाला. दोघांचेही हात खाली आले.

डॉमिनिक १८५७ मध्ये, पंधरा पुरी व्हायच्या आत गेला. त्याचं चरित्र डॉन बॉस्कोंनीच लिहून १८५९ मध्ये छापलं. दगडांचा प्रसंग त्यातलाच. ते स्वतः ३१ जानेवारी १८८८ ला वारले. त्यांना संतपद १९३४ मध्ये मिळालं, त्यांच्या या विद्यार्थ्याला १९५४ मध्ये.