बेजसाहेब आणि माझा कॅल्क्युलेटर

सबमिशनच्या आदल्या रात्री माझा कॅल्क्युलेटर हरवला, आणि आठवले थॉमस बेज! ज्यांचा थिअरम आपण परीक्षेपुरता घोकतो, तेच. इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सचे हे धर्मोपदेशक १७४२ साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १७६१ मध्ये वारले. संभाव्यतेवरचा त्यांचा निबंध मित्र रिचर्ड प्राइस यांना त्यांच्या कागदपत्रांत सापडला, म्हणून १७६३ मध्ये तो जगापुढे आला.

मला कळलेलं सार एवढंच: वस्तू न सापडणं हीसुद्धा माहितीच. रूममध्ये असण्याची शक्यता ६० टक्के, लॅबमध्ये ४० धरली. अर्धी रूम शोधली, मिळाला नाही. म्हणजे आता ३० विरुद्ध ४०. सकाळी लॅब उघडताच गाठली. कॅल्क्युलेटर तिथेच!

बेजना प्राइससारखा मित्र लाभला. माझा रूममेट मात्र रात्रभर घोरत होता.