बिहारमध्ये जन्मलेल्या पोलिसाने 'बिग ब्रदर' लिहिला, आणि मरणाआधी सरकारला नावांची यादीही दिली

बिग बॉसच्या घरात चोवीस तास कॅमेरे चालू असतात. घरातले लोक झोपतात, भांडतात, रडतात आणि वरून एक आवाज हुकूम सोडतो. त्या आवाजाचा चेहरा कार्यक्रमात दिसत नाही. हा कार्यक्रम ज्या डच कार्यक्रमावरून आपल्याकडे आला त्याचं नाव 'बिग ब्रदर'. आणि ते नाव उचललं होतं १९४९ साली आलेल्या '१९८४' या कादंबरीतून.

या कादंबरीतलं सरकार पक्षाच्या माणसांच्या घरात एक पडदा लावतं. तुम्ही पडद्याकडे बघता आणि पडदा तुमच्याकडे बघतो. पोरं आईबापाची चुगली पोलिसांकडे करतात. आणि नायक विन्स्टन स्मिथ काय काम करतो? तर सरकारी ऑफिसात बसून जुन्या पेपरातल्या बातम्या बदलतो. सरकारचा अंदाज चुकला की जुन्या अंकातला अंदाजच बदलून टाकायचा. म्हणजे सरकार कधी चुकलंच नव्हतं.

लोकांना वाटतं लेखकाने भविष्य ओळखलं. पण जॉर्ज ऑर्वेलचं आयुष्य बघितलं की कळतं, यातलं बरंचसं त्याने आधीच पाहिलं होतं. तेही नुसतं बाहेरून नाही, तर आतल्या खुर्चीत बसून.

जॉर्ज ऑर्वेल हे टोपणनाव. खरं नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म २५ जून १९०३, गाव बिहारमधलं मोतिहारी. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. एरिक वर्षाचा असताना आई त्याला घेऊन इंग्लंडला गेली. पुढे शिष्यवृत्तीवर तो ईटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेत शिकला. पण विद्यापीठात न जाता १९२२ साली तो इंपिरियल पोलिसात भरती झाला आणि ब्रह्मदेशात गेला. तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता.

पाच वर्षं त्याने खाकी घातली. इंग्रजी राज्य लोकांवर कसं चालतं ते तुरुंगात आणि पोलीस ठाण्यात जवळून बघितलं. या काळावर त्याने पुढे एक गाजलेला निबंध लिहिला. त्यातल्या पोलीस अधिकाऱ्याला हत्तीला गोळी घालायची नसते. हत्ती शांत झालेला असतो. पण मागे हजारोंचा जमाव उभा असतो आणि आपलं हसं होऊ नये एवढ्यासाठी तो गोळी झाडतो. राज्य करणारा माणूससुद्धा त्या राज्याचा कैदी होतो, हे त्याला इथे उमगलं. १९२७ साली सुट्टीवर इंग्लंडला गेला आणि तिथूनच राजीनामा दिला.

मग पॅरिसच्या हॉटेलात भांडी घासली, लंडनमध्ये भटक्यांसोबत राहिला. १९३३ साली त्यावर पहिलं पुस्तक आलं आणि जॉर्ज ऑर्वेल हे नाव छापलं गेलं.

खरा झटका बसला स्पेनमध्ये. १९३६ च्या डिसेंबरात तो फ्रँकोच्या फॅसिस्टांविरुद्ध लढायला तिकडे गेला आणि पीओयूएम नावाच्या छोट्या डाव्या पक्षाच्या तुकडीत सामील झाला. २० मे १९३७ ला त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. थोडक्यात वाचला. पण खरं संकट मागे बार्सिलोनात होतं. सोव्हिएत रशियाच्या बाजूच्या कम्युनिस्टांनी त्याच्या पक्षावर फॅसिस्टांचे हस्तक असल्याचा आरोप लावला होता. पक्षावर बंदी आली, धरपकड सुरू झाली, पक्षाचा नेता आंद्रेउ निन याला पकडून मारण्यात आलं.

ज्या शत्रूशी लढताना गोळी खाल्ली, त्याच शत्रूचा हेर म्हणून आता ऑर्वेलचे सोबती तुरुंगात जात होते. पोलीस त्याची बायको आयलीन हिच्या हॉटेलच्या खोलीत घुसले, सगळी कागदपत्रं घेऊन गेले. फक्त ती ज्या पलंगावर झोपली होती तो तेवढा तपासला नाही. काही रात्री उघड्यावर काढून ऑर्वेल तिच्यासोबत रेल्वेने फ्रान्सला निसटला.

इंग्लंडला पोहोचल्यावर पेपर उघडले तर तिथेही तोच खोटा आरोप छापून आलेला. आपण डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट घडलीच नाही असं छापता येतं, आणि लोक ते मानतात, हे त्याच्या मनात कायमचं बसलं. स्पेनवरचं त्याचं पुस्तक नेहमीच्या प्रकाशकाने नाकारलं. दुसऱ्याने १९३८ साली १५०० प्रती काढल्या. त्याही ऑर्वेलच्या हयातीत संपल्या नाहीत.

यानंतरचा भाग आपल्याशी जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, ऑर्वेल बीबीसीत नोकरीला लागला. काम होतं हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करायचे. युद्धाच्या बातम्यांवर तो साप्ताहिक समालोचन लिहायचा. काही इंग्रजीत जायची, काहींची भाषांतरं होऊन हिंदुस्थानी भाषांत जायची. त्यात मराठीही होती.

आता यातली गोची बघा. ऑर्वेल हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूचा होता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक आली आणि काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले. त्याच वेळी हा माणूस लंडनमध्ये बसून इंग्रज सरकारच्या बाजूचा प्रचार हिंदुस्थानाला ऐकवत होता. हिटलर जिंकला तर सगळंच संपेल असं त्याला वाटायचं, म्हणून तो ते करत राहिला. प्रत्येक संहिता आधी सेन्सॉरकडे जायची. आयलीननेसुद्धा युद्धाच्या सुरुवातीला सेन्सॉर खात्यात नोकरी केली होती. शेवटी आपला वेळ आणि जनतेचा पैसा वाया जातोय असं म्हणून १९४३ साली त्याने बीबीसी सोडली. विन्स्टन स्मिथची खुर्ची कुठून आली असेल, ते इथे कळतं.

बाहेर पडून त्याने 'ॲनिमल फार्म' लिहिलं. स्टॅलिनच्या रशियावरची ही गोष्ट, पण तेव्हा रशिया इंग्लंडचा दोस्त होता. एकामागून एक प्रकाशकांनी नकार दिला. एकाने तर छापायचं ठरवून माहिती मंत्रालयातल्या अधिकाऱ्याचा सल्ला घेतला आणि माघार घेतली. तो अधिकारी स्वतःच सोव्हिएत रशियाचा हस्तक होता, असं नंतर उघड झालं. कायद्याने बंदी कुठेच नव्हती. लोकांनी आपणहून तोंड बंद केलं होतं. पुस्तक युद्ध संपताना, १७ ऑगस्ट १९४५ ला आलं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये आयलीन ऑपरेशनच्या टेबलावर गेली होती.

दत्तक घेतलेल्या लहान मुलाला घेऊन ऑर्वेल स्कॉटलंडजवळच्या जुरा बेटावर राहायला गेला. तिथे क्षयाने गाठलं. अमेरिकेहून मागवलेलं स्ट्रेप्टोमायसिन सोसलं नाही. अंगात ताप असताना, अंथरुणात बसून त्याने '१९८४' ची पक्की प्रत स्वतः टाईप केली. ८ जून १९४९ ला कादंबरी आली.

पण कादंबरी येण्याच्या महिनाभर आधी एक गोष्ट घडली होती. इंग्लंडच्या परराष्ट्र खात्यात कम्युनिस्टविरोधी प्रचाराचा एक गुप्त विभाग होता. तिथे काम करणारी त्याची एक मैत्रीण दवाखान्यात भेटायला आली. तिला ऑर्वेलने ३८ नावांची यादी पाठवली. या लोकांवर प्रचाराच्या कामात विश्वास टाकू नका, असं सांगणारी. त्यात पत्रकार होते, लेखक होते, चार्ली चॅप्लिनही होता. 'ॲनिमल फार्म' अडवणारा तो अधिकारीसुद्धा होता.

ही पूर्ण यादी जगासमोर आली २००३ साली. त्याची बाजू घेणारे म्हणतात, यात कुणाला पकडायचा हेतू नव्हता, फक्त कुणाला काम देऊ नये एवढाच सल्ला होता. टीकाकार म्हणतात, मित्र-ओळखीच्यांची नावं गुपचूप सरकारकडे देणं म्हणजे त्याच्याच कादंबरीतलं काम. २००७ साली आणखी एक फाईल खुली झाली. इंग्लंडचे पोलीस १९२९ पासून ऑर्वेलवरच नजर ठेवून होते. म्हणजे ज्याच्यावर पाळत होती, त्यानेही दुसऱ्यांची नावं लिहून दिली.

२१ जानेवारी १९५० ला ४६ व्या वर्षी तो गेला. थडग्यावर फक्त एरिक आर्थर ब्लेअर असं लिहिलंय, ऑर्वेलचं नाव नाही.

२००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने लोकांनी विकत घेतलेली काही ई-पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर पुसली. कारण हक्कांच्या वादाचं होतं. नंतर कंपनीने माफी मागितली. पण पुसलेल्या पुस्तकांत 'ॲनिमल फार्म' होतं आणि '१९८४' सुद्धा.

बिग ब्रदरचा चेहरा कादंबरीत पोस्टरवर दिसतो. बातमी पुसणारा, संहिता तपासणारा, यादी लिहिणारा मात्र कुणीतरी साधा माणूस असतो. कधी नोकरीसाठी, कधी भीतीने, तर कधी आपण चांगल्याच बाजूला आहोत या खात्रीने तो हे करतो. ऑर्वेलला हे पक्कं माहीत होतं, कारण त्या माणसांमध्ये तोही होता.