नाकाचा आजार आणि एका डॉक्टरचे नाव

सर्दी महिनोन्‌महिने हटत नाही, नाकात खपल्या धरतात, वरचेवर रक्त येते आणि एक दिवस नाकाचा दांडा खोगिरासारखा मधोमध खचतो. असा रुग्ण आला की लघवी तपासा, छातीचा एक्स-रे काढा, असे विद्यार्थिदशेत आम्हाला बजावलेले असे. रोगाचे नाव होते वेगनर. पण हा वेगनर कोण, हे मीही विचारले नाही.

फ्रिडरिक वेगनर १९०७ साली उत्तर जर्मनीतल्या फारेल गावी जन्मले. वडील डॉक्टर. अंगापिंडाने दणकट असलेल्या या तरुणाने १९३१ मध्ये हातोडाफेकीचे जर्मन विजेतेपद पटकावले! त्याच वर्षी त्यांचा मित्र हाइन्झ क्लिंगर याने या रोगाचा एक रुग्ण नोंदवला होता. पुढे ब्रेस्लाउ शहरी शवविच्छेदन करताना वेगनरांना नाक, श्वासमार्ग आणि मूत्रपिंडे एकाच दाहाने पोखरलेली दिसली. हा रक्तवाहिन्यांचा वेगळाच रोग आहे, हे त्यांनी १९३६ मध्ये तीन रुग्णांवरून आणि १९३९ मध्ये सविस्तर मांडले. शरीराची संरक्षक यंत्रणाच येथे स्वतःवर उलटते. रक्तातील ‘अँका’ प्रतिपिंडांशी त्याचे नाते १९८५ मध्ये उघड झाले आणि निदान सोपे झाले. तरी पुष्कळदा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो. पूर्वी मूत्रपिंडे गाठली की रुग्ण काही महिन्यांचाच सोबती असे. आता वेळीच औषधे मिळाली तर बहुतेकजण वाचतात.

इथवर सारे अभिमानाचे. पण वेगनर १९३२ मध्येच हिटलरच्या तपकिरी गणवेशधारी दलात शिरले होते, १९३३ मध्ये नाझी पक्षात. युद्धकाळात ते व्यापलेल्या पोलंडमधील वूच येथे होते. ज्यूंना जिथे कोंडले होते ती वस्ती त्यांच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर. तिथे त्यांच्या हातून काय घडले, ते सिद्ध झालेले नाही. मात्र इतक्या जवळ राहून काहीच दिसले नसेल, हे माझ्या गळी उतरत नाही.

युद्धानंतर ते ल्युबेक येथे नोकरीत रमले. १९८९ मध्ये अमेरिकेतील छातीविकारतज्ज्ञांच्या संस्थेने त्यांना गौरवले. १९९० मध्ये ते वारले. २००० च्या सुमारास जुनी कागदपत्रे उजेडात आली आणि तो सन्मान काढून घेण्यात आला. २०११ मध्ये रोगाचेही नाव बदलले: ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस.

एवढे लांबलचक नाव रुग्णाच्या तोंडी बसत नाही. जुन्या फायलींवर वेगनर आहेच. नव्या कागदावर मी मात्र ते लांबलचक नावच लिहितो.